एक्कावन्न मिनिटांचं नागपूर

"जबलपूर ते नागपूर, एक्कावन्न मिनिटं," चिंतामणी बोधनकरांनी जाहीर केलं. "त्यातली दहा पट्टा बांधण्यात आणि सोडण्यात जातात. खरं म्हणाल तर एक्केचाळीसच."

जबलपूरच्या विजय नगरमधल्या त्यांच्या बैठकीत त्या रविवारी सगळं बोधनकर कुळ गोळा झालं होतं. विषय गंभीर होता. नागपूरच्या भाचीचं, अनुष्काचं लग्न होतं, मुहूर्त दुपारी बारा सदतीसचा होता, आणि त्यासाठी ठरवलेला टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे चारला सोडायचा की पाचला, यावर पाऊण तास चर्चा होऊनही एकमत होत नव्हतं. चिंतामणरावांनी हा वाद स्वतःपुरता मिटवून टाकला. ते विमानानं जाणार होते.

"अहो, पण सगळे संगं जाऊन राहिले तर तुम्ही एकटेच काहून विमानानं?" त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी विचारलं.

"मी मामा आहे," चिंतामणराव म्हणाले. "मामानं ताजंतवानं पोचायला पाहिजे. तुम्ही सिवनीच्या रस्त्यातले गड्डे मोजत या आरामात."

मामा असणं ही साधी गोष्ट नव्हती. नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत मामा आणतो, आणि अनुष्काला सख्खा मामा एकच. ती चार वर्षांची असताना बाहुलीच्या लग्नातही तिनं चिंतामणरावांनाच बाहुलीचा हात धरायला लावला होता. आताही तिनं फोनवर बजावलं होतं, "मामा, पक्का ना? मी दुसऱ्या कोणाचा हात धरून येणार नाही हं. सांगून ठेवते." चिंतामणराव म्हणाले होते, "बेटा, मुहूर्त चुकेल, पण मामा चुकायचा नाही."

एवढ्या खात्रीनं बोलायला आधार होता. चिंतामणराव सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात अंतर-निर्धारण शाखेचे प्रमुख होते. एका गावापासून दुसरं गाव किती लांब आहे, हे ही शाखा ठरवते आणि तसा दाखला देते. शाळा कुठे पाहिजे, दवाखाना कोणाला जवळ पडतो, हे सगळं त्या दाखल्यावर चालतं. मोजणी फूटपट्टीनं होते. नकाशावर एक टोक इकडे, एक टोक तिकडे, मध्ये सरळ रेघ.

एकदा पलीकडच्या एका गावाची माणसं तक्रार घेऊन आली होती. "साहब, दवाखाना आपने तीन किलोमीटर लिखा है, पर बीच में नर्मदा जी हैं. पुल से घूमकर बाईस पड़ता है."

चिंतामणरावांनी नकाशा उघडून त्यांना दाखवला होता. "नर्मदा जी को हमारा प्रणाम है, भैया. लेकिन नक्शे में वो नीली लाइन हैं. लाइन को चौड़ाई नहीं होती."

माणसं नमस्कार करून गेली. दाखला कायम राहिला. अठ्ठावीस वर्षांत शाखेचा एकही दाखला बदलला गेला नव्हता, आणि हे वाक्य चिंतामणरावांच्या निवृत्तीच्या भाषणासाठी आत्ताच राखून ठेवलेलं होतं.

त्यामुळे जेव्हा त्यांनी मोबाइलवर 'जबलपूर ते नागपूर विमान' असं टाकलं आणि वर ठळक अक्षरात 'हवाई अंतर २५३ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ ५१ मिनिटं' असं आलं, तेव्हा त्यांना भाऊ भेटल्यासारखं वाटलं. कोणीतरी, कुठेतरी, त्यांच्यासारखीच फूटपट्टी लावून बसलं होतं.

तिकीट काढायला बसले तेव्हा त्याच पानाच्या खाली बारीक अक्षरात आणखी काही निघालं. थेट उड्डाणं: शून्य. एका थांब्यासह: चार तास पाच मिनिटं, हैदराबादमार्गे.

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आप ऊपर इक्यावन मिनट लिख रहे हो, और फ्लाइट तो है ही नहीं!"

"सर, इक्यावन मिनट डिस्टेंस का टाइम है. फ्लाइट का नहीं."

"तो इक्यावन मिनट में जाता कौन है?"

पलीकडे जरा विचार झाला. "सर, टाइम जाता है. और किसी चीज़ में सहायता करूँ?"

इथं एखादा साधा माणूस मुकाट्यानं टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला असता. पण चिंतामणराव दाखला देणारे गृहस्थ होते, आणि दिलेला दाखला मागे घेण्याची पद्धत शाखेत नव्हती. त्यांनी हिशेब केला: सकाळी सात पाचला उड्डाण, अकरा दहाला नागपूर. मुहूर्ताला सत्त्याऐंशी मिनिटं शिल्लक. तिकीट निघालं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं की विमान सकाळचं आहे.

लग्नाच्या दिवशी टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे पाचला निघाला. चिंतामणराव गेटवर उभे राहून सगळ्यांना हात हलवत होते. चुलतभाऊ मोहन खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "दादा, जागा आहे अजून. चलो ना यार, कशाला नखरे!"

"तुम्ही लखनादौनला चहा प्याल तेव्हा मी नागपूरवर असेन," चिंतामणराव म्हणाले.

हे विधान, पुढे जे काही झालं ते पाहता, त्या दिवशीचं सर्वांत अचूक विधान ठरलं.

जबलपूरच्या डुमना विमानतळावरून विमान वेळेवर उडालं. चिंतामणरावांना खिडकी मिळाली होती. त्यांनी घड्याळ लावलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला वैमानिकाचा प्रसन्न आवाज आला, "देवियो और सज्जनो, आपके बाईं ओर आप नागपुर शहर देख सकते हैं."

चिंतामणरावांनी पाहिलं. खरोखरच नागपूर होतं. अंबाझरीचं तळं होतं, सरळसोट रस्ते होते, आणि वर्धा रोडच्या कडेला एक पिवळा मांडव होता. तो भाचीचाच असावा असं त्यांच्या मनानं लगेच घेतलं. जबलपूर ते नागपूर हे अंतर त्यांनी एक्कावन्नपेक्षा दहा मिनिटं लवकर कापलं होतं. आता फक्त पाच किलोमीटर बाकी होते. ते खालच्या दिशेनं होते.

त्यांनी बटण दाबून हवाई सुंदरीला बोलावलं.

"मैडम, ये नागपुर है ना?"

"जी सर."

"मुझे नागपुर ही जाना है."

"जी सर, आपका कनेक्शन हैदराबाद से है."

"वो मालूम है. पर आ तो गया नागपुर."

"सर, ये नागपुर के ऊपर का हिस्सा है," ती समजुतीनं म्हणाली. "नागपुर में उतरने के लिए पहले नागपुर से आगे जाना पड़ेगा. बिस्किट लेंगे?"

त्यांनी बिस्किट घेतलं. मांडव मागे पडला. त्याच वेळी टेम्पो ट्रॅव्हलर लखनादौनला थांबला होता, आणि सरोजिनीबाई पोहे-जिलेबीचा फोटो काढून 'बोधनकर परिवार' या ग्रुपवर टाकत होत्या.

हैदराबादेत चिंतामणराव एका खुर्चीवर बसले. समोरच्या पाटीवर नागपूरच्या विमानासमोर 'वेळेवर' असं लिहिलं होतं. नऊ पंचावन्नला निघणारं विमान दहा वाजता वेळेवर होतं, दहा वीसलाही वेळेवर होतं. त्यांनी काउंटरवर विचारलं. तिथल्या तरुणानं सांगितलं की विमान वेळेवरच आहे, फक्त अजून आलेलं नाही. शेवटी ते आलं आणि दहा छत्तीसला उडालं. ग्रुपवर शेवटचा संदेश मोहनचा होता: "खवासा क्रॉस. दादा कुठे पोचले?" चिंतामणरावांनी लिहिलं, "जवळच." मग फोन एअरप्लेन मोडवर टाकला.

पावणेबाराला ते दुसऱ्यांदा नागपूरवर आले. या वेळी नागपूर दिसत नव्हतं. खाली फेब्रुवारीतले काळे ढग होते आणि त्या ढगांखाली, वैमानिकानं सांगितल्याप्रमाणे, गारा पडत होत्या. विमानानं एक चक्कर मारली. दुसरी मारली. तिसऱ्या चकरेत चिंतामणरावांच्या शेजारी बसलेले बापूसाहेब नावाचे एक वयस्कर गृहस्थ रामरक्षा म्हणू लागले.

"प्रदक्षिणा घालून राहिले काय?" बापूसाहेबांनी मध्येच थांबून विचारलं.

"लग्नाला मामा आहे मी," चिंतामणराव म्हणाले. "बारा सदतीसचा मुहूर्त आहे. हे खाली, इथंच. सरळ खाली."

"मग सांगा ना त्यांना!"

त्यांनी हवाई सुंदरीला सांगितलं. तिनं ते वैमानिकाला सांगितलं. दोन मिनिटांनी वैमानिक बोलला. वधूला शुभेच्छा दिल्या, आणि सुरक्षेच्या कारणास्तव हे विमान आता सरळ रेषेत सर्वांत जवळ पडणाऱ्या मोकळ्या विमानतळावर नेत असल्याचं सांगितलं. तो विमानतळ म्हणजे जबलपूर.

विमानात आरडाओरडा झाला. कोणी म्हणालं आमची मीटिंग आहे, कोणी म्हणालं आमचं पोर शाळेतून यायचंय. बापूसाहेब घाबरून चिंतामणरावांकडे वळले. "अहो, हे जबलपूर किती लांब आहे हो इथून?"

प्रश्न विचारला गेला की उत्तर निघणं ही अठ्ठावीस वर्षांची सवय होती.

"एक्कावन्न मिनिटं," चिंतामणराव म्हणाले.

बारा सदतीसला ते सिवनीच्या वर कुठेतरी होते. त्यांनी डोळे मिटले, उजवा हात थोडा पुढे केला आणि हवेतच कोणाचा तरी हात धरल्यासारखा एक मिनिट तसाच ठेवला. हवाई सुंदरीनं त्या हातात पाण्याचा पेला दिला.

विमान डुमनाला उतरलं तेव्हा बारा अठ्ठावन्न झाले होते. इथं खरं तर गोष्ट संपायला पाहिजे होती. पण त्या विमान कंपनीच्या जबलपूरच्या व्यवस्थापक, मेघनाताई, यांची एक अडचण होती. मार्चअखेरपर्यंत 'जबलपूरहून किंवा जबलपूरसाठी एक नवीन थेट मार्ग' असं उद्दिष्ट त्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं, आणि त्यासमोरचा रकाना अकरा महिने रिकामा होता. आता दारात नागपूरच्या आकाशातून थेट आलेलं विमान उभं होतं. आत सत्तर प्रवासी होते. रकान्यात 'विमान कशामुळे आलं' असं विचारलेलं नव्हतं.

चिंतामणराव धावत बाहेर आले तर दारात लाल फीत.

"स्वागत है, सर!" मेघनाताईंनी त्यांच्या गळ्यात हार घातला. यादी पाहून त्यांना कळलं होतं की सत्तरांमध्ये जबलपूरचा पत्ता असलेला हा एकच माणूस आहे. "आप बोधनकर सर ना? मराठी ना? अरे, मी पण मराठी आहे, थोडंसं बोलते. नागपूर-जबलपूर डायरेक्ट फ्लाइटचे आप पहिले पॅसेंजर!"

"ताई, मला नागपूरला जायचंय."

"हो ना, सर. डिमांड आहे. हेच तर आम्ही वर सांगून राहिलो."

"ताई, डिमांड नाही, लग्न आहे! माझी भाची वाट पाहून राहिली!" चिंतामणरावांनी दोन्ही हात जोडले. "मी तुमच्या पाया पडतो, मला जाऊ द्या."

नेमक्या त्याच क्षणी मेघनाताईंनी बोलावलेल्या बातमीवाल्यानं फोटो काढला. हार घातलेले, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी असलेले चिंतामणराव, मागे विमान. आनंदाश्रूंचा इतका चांगला फोटो त्या बातमीवाल्याला वर्षभरात मिळाला नव्हता. फीत चिंतामणरावांनीच कापली, कारण ती कापल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं.

सव्वाएकला फोटो मोबाइलवर फिरू लागला: 'जबलपुर–नागपुर अब सिर्फ़ 51 मिनट. यात्री भावुक.' एक वीसला तो 'बोधनकर परिवार' ग्रुपवर आला. एक एकवीसला यशश्रीचा, म्हणजे नवरीच्या आईचा फोन आला.

"दादा, तू जबलपुरातच आहेस!"

"यशू, ऐक माझं..."

"हार घालून उभा आहेस तिथं! इकडे पोरीनं दहा मिनिटं मुहूर्त अडवून धरला. मामा आल्याशिवाय उठणार नाही म्हणे. गुरुजी चिडले. शेवटी मोहननं हात धरून आणली तिला. रडून रडून काजळ गेलं सगळं. फोटोत पांडा आलीय पोर!"

"यशू, मी आज दोनदा नागपूरला येऊन गेलो गं."

"कधी?"

"सकाळी पावणेआठला. आणि मग पावणेबाराला."

"मग आत काहून नाही आलास?"

या प्रश्नाला चिंतामणरावांकडे उत्तर होतं, पण ते विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. मग फोनवर अनुष्का आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मामा, तुम्ही ठीक आहात ना? तुमचा आशीर्वाद घेतल्याशिवाय मी सासरी पाय टाकणार नाही. बस्."

या वेळी काहीच जाहीर न करता चिंतामणरावांनी फोन ठेवला, डोळे पुसले, हार काढून एका टॅक्सीच्या बोनेटवर ठेवला आणि त्याच टॅक्सीत बसले.

"नागपुर. कितना टाइम लगेगा, भैया?"

"पाँच घंटे, साहब. पाँच यानी पाँच. चाय के दस मिनट अलग."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी अंतर सांगितलं होतं आणि त्यांनी त्यावर वाद घातला नाही. सिवनीला त्यांनी गड्डे मोजले नाहीत. पेंचच्या जंगलात फोनची रेंज गेली तेव्हा त्यांनी तो खिशात ठेवला आणि पोरीशी काय बोलायचं याची मनातल्या मनात तयारी केली. 'बेटा, मामा चुकला,' एवढंच म्हणायचं. दाखला रद्द. पुढे काही नाही. खवाशाला त्यांना कळलं की हे वाक्य म्हणायला सोपं आहे; मग देवलापारपर्यंत ते त्यांनी अर्ध्या आवाजात चारदा म्हणून पाहिलं. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

सहा वाजून पन्नास मिनिटांनी ते मंगल कार्यालयाच्या दारात उतरले. पाच तास, चहाची दहा मिनिटं अलग.

आत खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं. सरोजिनीबाई एका कोपऱ्यात चपला काढून बसल्या होत्या. नवरीचे वडील, श्यामसुंदर, मधोमध उभे राहून मांडववाल्याला पंखे मोजून देत होते. चिंतामणरावांना पाहून त्यांच्या हातातला कागद खाली पडला.

"चिंतामणदादा! तुम्ही इथं?"

"श्यामराव, चुकलो मी. आधी अनुष्काला बोलवा."

"अहो, तिला कुठून बोलवू? ती तुमच्याकडे गेली!"

"माझ्याकडे कुठे?"

"जबलपूरला!" श्यामसुंदरांनी आनंदानं सांगितलं. "आशीर्वाद घेतल्याशिवाय सासरी जाणार नाही म्हणाली पोरगी. वेदांग म्हणाला, काकू, रडवता कशाला, मी घेऊन जातो तिला. जावई सोन्यासारखा आहे हो. आणि ती बातमी होतीच सगळ्यांच्या मोबाइलवर, एक्कावन्न मिनिटं! सरप्राइज द्यायचं म्हणून तुम्हाला सांगितलं नाही. साडेचारच्या फ्लाइटनं गेले दोघं, शालू-शेरवानीवरच."

चिंतामणरावांनी विचारलं, "तिकीट पाहिलं होतं कोणी?"

"म्हणजे काय! सगळ्यांनीच पाहिलं. 'एक थांबा' असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हटलं, बरंय, उगाच दहा ठिकाणी थांबत नाही. थेट जबलपूरलाच थांबणार."

त्या कार्यालयात तेव्हा दोन डॉक्टर होते, एक निवृत्त न्यायाधीश होते, आणि इंजिनियर तर वऱ्हाडात मोजायचीच सोय नव्हती. सगळ्यांनी ती बातमी वाचली होती आणि निदान दोन जणांना पुढे पाठवली होती. अंतर खरं होतं, वेळ खरा होता, फोटो तर खराच होता. असं विमान खरंच रोज असतं का, एवढंच कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं, यात शंकाच नाही.

"पोचलेच असतील आता," सरोजिनीबाई घड्याळाकडे पाहून म्हणाल्या. "आपल्या घराला तर कुलूप आहे."

नवरा-नवरी त्या वेळी हैदराबादेत होते. त्यांचं जबलपूरचं विमान पाटीवर वेळेवर होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं आणि नऊ वाजून चार मिनिटांनी नागपूरवरून गेलं.